मानवरहित रणगाडे आणि पट्ट्यांवरची लढाऊ वाहने

आत माणूस न बसवता दुरून चालवली जाणारी किंवा काही अंशी स्वतःच वाट काढणारी, चाकांऐवजी लोखंडी अथवा रबरी पट्ट्यांवर धावणारी आणि शस्त्र, स्फोटके किंवा रणांगणावरचे सामान वाहणारी वाहने. गुडघ्याच्या जरा वर येणाऱ्या जर्मन ‘गोलायथ’पासून सुमारे १२ टनांच्या रशियन ‘उरान-९’पर्यंत त्यांचे अनेक आकार झाले. तोफ कोणती आणि चिलखत किती जाड, यावर या वाहनांबद्दल फार बोलले जाते. प्रत्यक्षात त्यांचे यशापयश ठरले ते चालवणारा माणूस आणि वाहन यांना जोडणाऱ्या दुव्यावर. आधी ती तांब्याची तार होती, मग रेडिओलहरी आल्या आणि आता काचेचा तंतूही आला आहे.

पट्ट्यांमुळे वाहनाचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते. त्यामुळे चिखल, बर्फ आणि पडक्या घरांचे ढिगारे यांतून ते रुतल्याशिवाय जाऊ शकते. एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवला की ते जागच्या जागी वळते. मात्र घर्षण जास्त असल्याने बॅटरी लवकर उतरते आणि तिरक्या उतारावर जोरात वळताना पट्टाच चाकांवरून निसटतो. माणसे असलेल्या रणगाड्याचा पट्टा उतरला, तर चौघे खाली उतरतात, ताण सैल करतात आणि पहारी-घणांनी तो पुन्हा चढवतात. मानवरहित वाहन मात्र कोणी येईपर्यंत तिथेच पडून राहते. दुसरी अडचण नजरेची. रणगाड्यातल्या चालकाला बैठकीखालून जमीन कळते, इंजिनाचा सूर बदलला की चढ कळतो. पडद्यासमोर बसलेल्याला यातले काहीच मिळत नाही. कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर असेल तर समोर गवताची भिंत दिसते आणि भिंगावर चिखलाचा एक शिंतोडा उडाला तरी वाहन आंधळे होते.

पहिल्या महायुद्धात काटेरी तारांचे अडथळे उडवण्यासाठी फ्रान्समध्ये १९१५ साली तारेने वीज पुरवलेली छोटी स्फोटकवाहने करून पाहिली गेली. पण दुरून चालणारा खराखुरा रणगाडा आधी सोव्हिएत संघाने बनवला. लेनिनग्राडमध्ये व्लादिमिर बेकाउरी यांच्या हाताखालच्या खास तांत्रिक कार्यालयात १९३०च्या दशकात ‘टेलिटँक’ तयार झाले. टी-२६ या हलक्या रणगाड्यात रेडिओयंत्रणा बसवलेली असे आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या रणगाड्यातून तो साधारण ५०० ते १,५०० मीटरवरून चालवला जाई. मशीनगन आणि ज्वालाफेक यंत्र ही त्याची हत्यारे. शत्रूच्या बंकरपर्यंत स्फोटके नेऊन ठेवणे हेही त्याचे काम होते. १९३९-४०च्या हिवाळी युद्धात फिनलंडच्या तटबंदीवर ते वापरले गेले, पण झाडांचे बुंधे, खडक आणि रणगाडारोधक अडथळे यांपुढे दुरून चालवणाऱ्याचा अंदाज चुकत राहिला. बेकाउरी यांना त्यापूर्वीच, १९३८ साली, स्टालिनच्या दमनसत्रात गोळ्या घालून ठार करण्यात आले होते.

या प्रकारातले सर्वांत ओळखले जाणारे वाहन म्हणजे गोलायथ. त्याची मूळ कल्पना फ्रेंच अभियंता आदोल्फ केग्रेस यांची. १९४० साली जर्मन फौजा जवळ आल्यावर त्यांचा नमुना सीन नदीत बुडवण्यात आला. जर्मनांनी तो बाहेर काढला आणि ब्रेमेनच्या बोर्गवार्ड कंपनीला तसेच वाहन बनवायला सांगितले. बायबलमधल्या महाकाय गल्याथाचे नाव मिळालेले हे यंत्र जेमतेम दीड मीटर लांबीचे होते. पहिला प्रकार विजेवर चालणारा आणि ६० किलो स्फोटके नेणारा होता. पुढचे प्रकार पेट्रोल इंजिनाचे झाले आणि त्यांतली स्फोटके १०० किलोपर्यंत गेली. मागच्या कप्प्यात सुमारे ६५० मीटर लांबीची तीन पदरी तार गुंडाळलेली असे. दोन पदर चालवण्या-वळवण्याचे, तिसरा उडवण्याचा. वाहन पुढे जाई तशी तार मागे उलगडत जाई. सैनिक आडोशाला बसून छोट्या पेटीवरच्या दांडीने त्याला हाकत असे.

ती तार हाच त्याचा कच्चा दुवा ठरला. १९४४च्या वॉर्सा उठावात पोलिश बंडखोर ती तोडायला धावले. त्याच वर्षी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तोफमाऱ्याने तारा तुटल्या आणि कित्येक गोलायथ जागीच थांबले. वाहनाचा वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त, चिलखत पातळ आणि एकदा स्फोट झाला की वाहनही संपले. तरीही अशी साडेसात हजारांहून अधिक वाहने बनवली गेली. बोर्गवार्डच्याच ‘बी-४’ या मोठ्या वाहनात तार नव्हती, रेडिओ होता. चालक ते लक्ष्याच्या जवळ आणून उतरून जाई, पुढचा टप्पा रेडिओवर. सुमारे ४५० किलोंची स्फोटकपेटी टाकून ते परत येऊ शके आणि याच गुणामुळे ते मला गोलायथपेक्षा कितीतरी पुढचे वाटते.

युद्धानंतर ही वाट बराच काळ ओस पडली. १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने बॉम्ब निकामी करण्यासाठी ‘व्हीलबॅरो’ हा दूरनियंत्रित रोबो आणला आणि पुढची कित्येक वर्षे मानवरहित भूवाहन म्हणजे जीव वाचवणारे यंत्र, अशीच ओळख राहिली. शस्त्र परत आले ते इराकमध्ये. ‘टॅलन’ या छोट्या बॉम्बशोधक रोबोवर मशीनगन बसवून केलेले तीन ‘स्वॉर्ड्स’ अमेरिकन सैन्याने २००७ साली तिथे पाठवले. त्यांतून लढाईत एकही गोळी झाडली गेली नाही.

रशियाच्या उरान-९ची गोष्ट अधिक बोलकी आहे. ३० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे घेऊन हे वाहन मे २०१८ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकातल्या संचलनात उतरले. सीरियात त्याची चाचणी झाली होती आणि तिच्यातले दोष रशियन तज्ज्ञांनीच त्याच वर्षी एका परिषदेत मांडले. काही किलोमीटरवरून चालायला हवे होते ते वस्तीत ३०० ते ५०० मीटरवरूनच चालले, संपर्क वारंवार तुटला, धावताना नेम धरता आला नाही आणि पट्ट्यांखालच्या चाकांनीही दगा दिला. इमारती आड आल्या की रेडिओलहरी अडतात, ही साधी गोष्ट एवढ्या मोठ्या यंत्राला नडली.

एस्टोनियाच्या मिलरेम रोबोटिक्सने उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांच्या ‘थेमिस’मध्ये दोन बाजूंच्या पट्ट्यांच्या खोक्यांतच इंजिन, बॅटऱ्या आणि मोटारी बसवल्या आहेत. मधला सपाट तळ मोकळा असतो. त्यावर दारूगोळा ठेवा, स्ट्रेचर बांधा, नाहीतर मशीनगन बसवा. २०१९ साली एस्टोनियन तुकडीबरोबर ते मालीत गेले आणि पुढे युक्रेनलाही मिळाले.

युक्रेनच्या युद्धाने या वाहनांना रोजच्या कामाला लावले. आकाशात सतत ड्रोन घिरट्या घालत असल्याने आघाडीच्या शेवटच्या काही किलोमीटरांत ट्रक नेणे म्हणजे माणसे गमावणे. म्हणून पाणी, दारूगोळा आणि बॅटऱ्या पोचवायला ‘टर्मिट’सारखी बुटकी पट्ट्यांवरची वाहने जातात आणि येताना उघड्या फळीवर जखमी सैनिकाला बांधून आणतात. डिसेंबर २०२४ मध्ये खार्किव प्रदेशातल्या लिप्त्सीजवळ पायदळाशिवाय, फक्त भूवाहने आणि ड्रोन वापरून हल्ला केल्याचे युक्रेनच्या खार्तिया ब्रिगेडने जाहीर केले. त्याआधी मार्चमध्ये बेर्दिची गावाजवळ ग्रेनेडफेक यंत्रे लावलेली रशियाची दोन पट्ट्यांवरची वाहने मात्र स्वस्त ड्रोननी टिपली होती. रेडिओवर जॅमिंगचा, म्हणजे लहरींत मुद्दाम अडथळा आणण्याचा, मारा वाढला तसा उपग्रह इंटरनेटचा आणि मागे उलगडत जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूचा, वापर सुरू झाला. हा तंतू जॅम करता येत नाही, पण गोलायथच्या तारेसारखा तुटतो.

लक्ष्य ठरवण्याचा निर्णय यंत्राकडे किती सोपवायचा, हा प्रश्न जिनेव्हात संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रकराराखाली २०१४ पासून चर्चेत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने स्वायत्त शस्त्रांवर ठराव मंजूर केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या मोजक्या देशांत रशियाबरोबर भारतही होता.

भारतात चेन्नईजवळच्या आवडी इथल्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या) प्रयोगशाळेने बीएमपी-२ या पायदळवाहक चिलखती गाडीवरून ‘मुंत्रा’ हे मानवरहित वाहन बनवले आणि २०१७ साली ते पुढे आणले. टेहळणी, भूसुरुंग शोधणे आणि किरणोत्सारी वा जैविक धोक्याच्या भागाची पाहणी यांसाठी त्याचे तीन प्रकार असून राजस्थानातल्या महाजन रणक्षेत्रावर त्यांच्या चाचण्या झाल्या. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्याच अभियांत्रिकी संस्थेने तयार केलेला ‘दक्ष’ हा बॉम्बशोधक रोबो त्याआधी, २०११ साली, सैन्याला मिळू लागला होता. तो चाकांवर चालतो, त्यामुळे या नोंदीच्या कडेला बसतो. पण जिना चढून संशयित बॅग उचलण्याचे त्याचे काम व्हीलबॅरोच्याच घराण्यातले आहे.