म्हाताऱ्या मुंगसाची हूल

10 डिसेंबर 1958, माँट्रियल. लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता आर्ची मूर पहिल्याच फेरीत तीनदा आडवा झाला. समोर 29 वर्षांचा इव्हॉन ड्युरेल, कॅनडाच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार, अंगापिंडाने दांडगा. मूरचं वय विचाराल तर घरातच एकमत नव्हतं. आईच्या हिशेबाने त्याचा जन्म 1913 चा, त्याच्या स्वतःच्या हिशेबाने 1916 चा. चाळिशी मात्र दोन्ही हिशेबांनी उलटलेली होती. पाचव्या फेरीत तो चौथ्यांदा पडला. आणि अकराव्या फेरीत नॉकआउटने जिंकला, तोही मूरच.

मूरला सगळे ‘म्हातारं मुंगूस’ म्हणत. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. मुंगूस नागाला ताकदीने हरवत नाही, शिवाय नागाचा फणा येईपर्यंत थांबतही नाही. फणा कुठे येणार हे त्याला आधी कळलेलं असतं.

आपण टीव्हीसमोर बसून ‘काय रिफ्लेक्स आहेत!’ म्हणतो, त्या रिफ्लेक्सचं गणित एकदा मांडून बघू. 1985 साली ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला. आदळण्याच्या क्षणी मुठीचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता आणि आघाताचं बल 4,000 न्यूटनच्या वर गेलं. मूठ थांबलेल्या अवस्थेतून निघून अर्ध्या मीटरमध्ये हा वेग गाठते असं ढोबळ मानाने धरलं, तर प्रवासाला लागतात सेकंदाचे 0.11. आता दुसरी बाजू. दिवा लागला की बटण दाबा, इतकी सोपी चाचणी घेतली तरी निरोगी तरुणाला सेकंदाचे साधारण 0.2 लागतात. कोणता दिवा लागला हे ओळखून त्याप्रमाणे बटण निवडायचं असेल, तर आणखी जास्त. म्हणजे ठोसा निघालेला पाहून मग चुकवणं विशीतल्या पोरालाही जमत नाही. जो ठोसा चुकतो, तो निघण्याआधीच ओळखलेला असतो.

हे मान्य केलं की उतारवयातल्या बॉक्सरचं कोडं निम्मं सुटतं. वय ज्या गोष्टी नेतं, त्यांच्यावर हा खेळ आपल्याला वाटतो तितका उभाच नाही.

नेतं मात्र बरंच काही. स्नायूंत जलद आकुंचन पावणारे तंतू असतात आणि संथ पण चिवट तंतू असतात. वयाबरोबर मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मरतात, त्यांच्या हुकमतीतले तंतू पोरके होतात. शेजारच्या चेतापेशी त्यातले काही दत्तक घेतात, पण दत्तक गेलेला जलद तंतू पुष्कळदा नव्या घरची संथ चाल उचलतो. म्हणून निव्वळ बळ बरंच टिकतं, झटका लवकर जातो. भौतिकशास्त्राच्या भाषेत शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, आणि यातला वेग आधी घसरतो. हृदयाचे कमाल ठोके कमी होतात. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. कसून सराव ठेवणाऱ्यांत ही घसरण बरीच कमी असते, थांबत मात्र नाही. बाराव्या फेरीत पाय जड होतात ते यामुळे. त्यामानाने प्रतिक्रियेचा वेळ फार हळू वाढतो.

मग राहतं काय? याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर बॉक्सिंगच्या रिंगमधून आलेलं नाही, टाइपरायटरवरून आलेलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी 1984 साली 19 ते 72 वयाच्या टायपिस्टांची परीक्षा घेतली. नुसतं बोट टकटकवायला सांगितलं तेव्हा वयस्कर मंडळी मागे पडली. प्रतिक्रियेच्या चाचणीतही मागेच. पण प्रत्यक्ष मजकूर टाइप करायला दिला, तर तरबेज वयस्कर टायपिस्ट तरुणांच्या तोडीस तोड. बोटं मंद आणि टायपिंग जलद, हे जमलं कसं? सॉल्टहाउस यांनी मजकूर पडद्यावर थोडाथोडाच दिसेल अशी सोय केली, तेव्हा गुपित फुटलं. पुढची अक्षरं झाकल्यावर ज्येष्ठांचा वेग ढासळला. ती माणसं बोटांच्या बरीच पुढे डोळ्यांनी वाचत होती. बोटांनी गमावलेला वेळ डोळे आगाऊ कमावून देत होते.

रिंगमध्ये वाचायचा मजकूर म्हणजे समोरचा माणूस. उजवा हात सुटण्याआधी मागच्या पायाची टाच उचलली जाते, कंबर वळायला लागते, खांदा किंचित खाली जातो. नवखा मुठीकडे बघतो, म्हणजे वाक्याच्या शेवटच्या अक्षराकडे. फ्रेंच बॉक्सिंगच्या खेळाडूंच्या नजरेचा माग काढणाऱ्या अभ्यासात असं दिसलं, की तरबेज खेळाडूंची नजर कमी ठिकाणी फिरते आणि डोक्याच्या आसपास स्थिरावते. बाकीचं शरीर त्यांना कडेच्या नजरेतून दिसत राहतं. हात आणि पायांच्या मागे नजर धावत बसली तर वाचन तुटतं.

वाचणं झालं. म्हातारं मुंगूस त्यापुढे जाऊन खोटा मजकूरही लिहितं. त्याला आपण हूल म्हणतो.

हूल इतकी प्रभावी का, याला चक्क शास्त्रीय नाव असलेलं कारण आहे. 1931 साली चार्ल्स टेलफोर्ड यांनी दाखवलं, की एका इशाऱ्याला प्रतिसाद देत असतानाच लगेच दुसरा इशारा मिळाला तर दुसऱ्याचा प्रतिसाद रेंगाळतो. मेंदूत निर्णयाची खिडकी एकच आहे असं समजा. पहिल्या गिऱ्हाइकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याने रांगेत उभं राहायचं. हा मानसशास्त्रीय अनुत्तेजन काळ. खांदा हलवून जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा, भास दिला, समोरच्याचा हात तो अडवायला निघाला, की पुढचा काही दशांश सेकंद खरा ठोसा रांगेत उभा असतो. तो दिसतो, पण त्याचं काही करता येत नाही. आणि गंमत अशी, की हुलीला सगळ्यात आधी फसतो तो सगळ्यात चपळ माणूस. मंद माणूस हललेल्या खांद्याकडे लक्षच देत नाही. समोरच्या पोराची चपळाई ही म्हाताऱ्याच्या दृष्टीने वापरायची वस्तू आहे, भ्यायची नव्हे.

या सगळ्याचा जवळपास नैसर्गिक प्रयोगच वाटावा अशी एक जोडी आहे. 1993 मध्ये रॉय जोन्स ज्युनियर आणि बर्नार्ड हॉपकिन्स समोरासमोर आले. जोन्स 24 चा, हॉपकिन्स 28 चा. जोन्स म्हणजे ईश्वरी देणगी. हात खाली सोडून उभा राहायचा, हनुवटी पुढे करायचा, ठोसा नाकाशी आला की मागे सरकायचा, आणि उडी मारून असा हुक (हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा) घालायचा की तो कोणत्याही तालमीत शिकवला जात नाही. गुणांवर तो सहज जिंकला. 2003 मध्ये त्याने हेवीवेट किताबही घेतला. पुढच्याच वर्षी, वयाच्या पस्तिशीत, अँटोनिओ टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवलं, चार महिन्यांनी ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. फरक किती पडला असेल? बहुधा शतांश सेकंदांचा. पण ज्याची सगळी इमारत त्या शतांशांवर उभी आहे, त्याला तेवढा पुरतो. मूठ हनुवटीपाशी ठेवायची सवय लागते ती देणगी कमी असलेल्याला.

2010 मध्ये तेच दोघे पुन्हा भेटले. जोन्स 41, हॉपकिन्स 45. लढत बघवत नाही इतकी कंटाळवाणी झाली, पण हॉपकिन्स स्पष्ट गुणांनी जिंकला. 2011 मध्ये 46 व्या वर्षी त्याने ज्याँ पास्कालला हरवलं आणि जगज्जेतेपद जिंकणारा सर्वांत वयस्कर बॉक्सर झाला. त्या लढतीत एका फेरीची घंटा व्हायच्या आत या गृहस्थांनी रिंगमध्ये पुशअप काढले. पास्काल 28 वर्षांचा होता. त्याने ते बघितलं. पुशअपना गुण नसतात, पण हुलीचे किती प्रकार असतात ते कळतं.

हॉपकिन्सचं कसब सांगायला रटाळ आणि करायला महाकठीण. अंतर आणि वेळ दोन्ही त्याच्या हातात. एक तर ठोसा पोहोचणार नाही इतका लांब, नाहीतर हात उगारता येणार नाही इतका जवळ. मधल्या पट्ट्यात, जिथे वेगवान माणूस चार ठोशांची फैर झाडतो, तिथे तो फक्त जाता-येता दिसे. आत शिरला की मिठी. प्रेक्षक ओरडतात, पण मिठीत श्वास मिळतो, अंगाचा भार समोरच्याच्या मानेवर टाकता येतो आणि त्याची लय मोडते. फेरीत तीन मिनिटं असतात, त्यातली प्रत्यक्ष मारामारीची किती हे ठरवणारा तो. जोडीला शिस्त अशी, की दोन लढतींच्या मधल्या काळातही वजन वाढू द्यायचं नाही.

जॉर्ज फोरमनचा मार्ग वेगळा. 1974 मध्ये किन्शासात 32 वर्षांच्या मुहम्मद अलीने त्याला आठव्या फेरीत पाडलं. तीही उतरणीला लागलेल्या पायांची कहाणीच होती. 1967 चे चपळ पाय अलीजवळ उरले नव्हते, म्हणून तो दोरांवर रेलला आणि 25 वर्षांच्या फोरमनला थकेपर्यंत मारू दिलं. त्या रात्री फोरमनच्या बाजूला एक सल्लागार होता, आर्ची मूर. पुढे फोरमनने दहा वर्षं हातमोजे टांगून ठेवले. 1987 मध्ये तो जाडजूड होऊन परतला, तेव्हा त्याचा गार्ड, म्हणजे बचावासाठी हात धरायची ढब, ओळखीचा होता. दोन्ही हात तोंडासमोर आडवे, एकावर एक. हा मूरचा गार्ड. यात फारसं हलावं लागत नाही.

5 नोव्हेंबर 1994, लास वेगस. फोरमन 45 वर्षांचा, 250 पौंडांचा, वीस वर्षांपूर्वीची तीच लाल चड्डी घालून. समोर 26 वर्षांचा डावखुरा मायकेल मूरर. नऊ फेऱ्या मूरर मारत राहिला, तिन्ही परीक्षकांच्या कागदावर पुढे. दोन फेऱ्यांच्या मध्ये फोरमन स्टुलावर बसतही नव्हता, उभाच. त्याचा जॅब बघताना सावकाश वाटतो, पण जॅबने तो मूररचं डोकं एका जागी आणून ठेवत होता. दहाव्या फेरीत डावा, उजवा. पुन्हा डावा, उजवा. शेवटचा उजवा हात जेमतेम वीतभर लांबून आल्यासारखा दिसतो, दोन हातांच्या फटीतून हनुवटीवर. मूरर पाठीवर पडला तो उठलाच नाही.

इतक्या आखूड ठोशात जोर आला कुठून? तरबेज प्रहारकाचे स्नायू दोनदा ताठरतात, एकदा हात निघताना, एकदा आदळताना. मधल्या काळात सैल, नाहीतर मूठ वेग घेत नाही. नेमक्या आदळण्याच्या क्षणी मनगट, खांदा, पाठ, कंबर सगळं एकजीव झालं, तर मुठीमागे हाताचं नव्हे, धडाचं वस्तुमान उभं राहतं. हा दुसरा ताठरपणा बळापेक्षा वेळ साधण्याचा भाग आहे, आणि साधलेली वेळ स्नायूंच्या झटक्याइतकी लवकर गंजत नाही.

आता थोडं पाणी ओततो. फोरमन, मूर, हॉपकिन्स ही नावं लक्षात राहतात, कारण बाकीची राहत नाहीत. चाळिशीत अनुभवाच्या जोरावर उतरलेले आणि मार खाऊन गेलेले कितीतरी. अनुभव आणि मार एकाच खात्यात जमा होतात, हीच तर या खेळाची खोड. अमेरिकी विकृतीतज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 सालीच बॉक्सरांच्या मेंदूला होणाऱ्या इजेचं वर्णन केलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की बेशुद्ध न पाडणारे, मोजदादीत न येणारे ठोसेही साचत जातात. सरावातले तर सगळ्यात जास्त. वयाने मेंदू किंचित आकसतो, कवटीत त्याला हलायला जागा होते, शिरांवर ताण वाढतो. अलीची दोरांवर रेलण्याची युक्ती शहाणपणाची होती असं मला म्हणवत नाही. 1980 मध्ये, 38 व्या वर्षी, लॅरी होम्ससमोर त्याच्याकडे फक्त मार सोसणं उरलं होतं. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. ठोशांचा त्यात नेमका वाटा किती यावर तज्ज्ञ वाद घालतात. वाटा शून्य होता असं म्हणणारा विरळा. फोरमन दहा वर्षं रिंगबाहेर होता आणि हॉपकिन्सला ठोसे लागतच कमी. दोघांचीही खरी पुंजी कदाचित तीच, न खाल्लेला मार.

हॉपकिन्सने 49 व्या वर्षीही एक किताबी लढत जिंकली. डिसेंबर 2016 मध्ये, 51 व्या वर्षी, तो 27 वर्षांच्या जो स्मिथ ज्युनियरसमोर उतरला. आठव्या फेरीत दोरांपाशी ठोशांची सर आली आणि तो दोरांमधून रिंगच्या बाहेर डोक्यावर पडला. बाहेर पडलेल्याला परत चढायला वीस सेकंद मिळतात. ते संपले, तो आत आला नाही. आपल्याला ढकललं, असं त्याचं म्हणणं होतं.