आधी गिऱ्हाईक, मग सॉफ्टवेअर: या सल्ल्यामागचा इतिहास

सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांतल्या नोकरीत काही वर्षं काढून स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं म्हणणारी मराठी मुलं इंदुरात पुष्कळ भेटतात. त्यांच्या कानावर पहिला सल्ला पडतो तो हा: आधी गिऱ्हाईक शोधा, कोड नंतर.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअर एक तर यंत्राबरोबर यायचं, नाहीतर एखादी बँक वा कारखाना आपल्या गरजेपुरतं लिहून घ्यायचा. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं आणि तयार सॉफ्टवेअरच्या धंद्याला जोर आला. पुढे पीसी आले, फ्लॉपी खोक्यातून विकल्या जाऊ लागल्या. घेणारा कोण, हे आता माल दुकानात गेल्यावर कळायचं.

डॉट-कॉमच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या, तेजीत हे फार महागात पडलं. घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने पुरेशी मागणी येण्याआधीच प्रचंड गोदामं उभारली आणि २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं.

त्याच सुमारास अनेक स्टार्टअप पाहिलेले स्टीव्ह ब्लँक शिकवण्याकडे वळले. त्यांची रॉकेट सायन्स गेम्स ही कंपनी गाजावाजा होऊनही बुडाली होती. गिऱ्हाइकाविषयी आपण जे धरून चालतो तो नुसता अंदाज असतो, तो ऑफिसबाहेर जाऊन तपासा, हे त्यांचं म्हणणं. इमव्यू या कंपनीत पैसे घालताना त्यांनी संस्थापकांना बर्कलेतल्या आपल्या वर्गात बसायची अट घातली. त्यांतले एक एरिक रीस. इमव्यूने कित्येक महिने खपून प्रचलित मेसेंजरना जोडायचं चॅट बनवलं होतं. लोकांना समोर बसवून वापरायला दिलं, तर मित्रांना बोलवायला कुणी तयार होईना: आधी हे चांगलं आहे का ते मला बघू दे, मग मित्रांना सांगेन! महिनोन्‌महिन्यांच्या कोडपेक्षा या एका उत्तराने जास्त शिकवलं, असं मला वाटतं. लीन स्टार्टअपचा, म्हणजे थोडंसं बनवून ते लगेच गिऱ्हाइकांवर तपासत पुढे जाण्याचा, विचार रीस यांनी पुढे मांडला, त्यात इमव्यूचा हा अनुभव आहे. २००८ मध्ये फाइली ऑनलाइन साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने आपल्या उत्पादनाचा छोटा व्हिडिओ दाखवला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. उत्पादन तेव्हा सर्वांसाठी खुलंही नव्हतं.

आपल्याकडे हे अवघड जातं याचं कारण आयटी सेवांच्या घडणीत आहे. तिथे गिऱ्हाईक विक्री विभाग आणतो, इंजिनिअरच्या हाती गरजांची यादी तयार येते. त्यामुळे सियागंजातल्या घाऊक किराणा दुकानात जाऊन हा मुलगा विचारतो, ‘ॲप बनवलं तर घ्याल का?’ शेठ म्हणतो, ‘बढ़िया है भैया, बनाओ.’ हा होकार नव्हे, आल्यागेल्याचा मान आहे. ‘गेल्या आठवड्यात उधारी कशी वसूल केलीत?’ असं विचारलं तर तो वही काढतो, अडकलेल्या नावांवर बोट ठेवतो, मुनीमजींना हाक मारतो.

ब्लँक यांच्या मते पहिलं गिऱ्हाईक ते, ज्याला अडचण आहे, ती ठाऊक आहे, ज्याने स्वतःच काही जुगाड करून पाहिलाय आणि ज्याच्याकडे त्यासाठी पैसे आहेत. सियागंजात तो शेठ म्हणजे उधारीसाठी भाच्याकडून एक्सेलची शीट बनवून घेतलेला, आणि तीही पुरत नाही म्हणून वैतागलेला.