हार्मनी प्रोसेसर

हार्मनी प्रोसेसर : गायकाचा माईकमधून येणारा आवाज घेऊन त्यापासून वेगळ्या उंचीचे एक वा अधिक स्वर तत्क्षणी तयार करणारे आणि ते मूळ आवाजासोबत ऐकवणारे विद्युत् उपकरण. एकटा गायक गात असताना दोघेतिघे जोडीने गात असल्याचा भास त्यामुळे होतो. मंचावर वापरायचे उपकरण बहुधा पायाने दाबायच्या बटनांची पेटी, म्हणजे पेडल, असते. माईकची वायर आधी या पेटीत येते आणि तिथून सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरकडे जाते.

उपकरणाला सेकंदाच्या अगदी लहान अंशात तीन कामे उरकावी लागतात. पहिले काम गायकाचा स्वर ओळखण्याचे. त्यासाठी ध्वनिलहरीची एक-दोन आवर्तने तरी हाती यावी लागतात, म्हणून खर्जातला स्वर ओळखायला तार सप्तकातल्या स्वरापेक्षा अधिक वेळ लागतो. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक ध्वनींना निश्चित उंची नसते. ते यंत्राने न बदलता पुढे सोडावे लागतात. दुसरे काम सोबतीचा स्वर निवडण्याचे आणि तिसरे आवाज त्या स्वरावर नेण्याचे. नुसता वेग वाढवून आवाज चढवला, तर घशाची व तोंडाची पोकळी जणू आकुंचन पावते आणि प्रौढ गायकाचा आवाज चिरका, बालिश होतो. त्यामुळे चांगली उपकरणे उंची बदलतात, पण आवाजाचा मूळ घाट राखतात.

इव्हेंटाइड कंपनीचा ‘एच९१०’ हा हार्मनायझर १९७५ मध्ये बाजारात आला. तो ठरवून दिलेल्या एकाच अंतराने आवाज सरकवीत असे. असे ठरावीक अंतर गाण्यात फार काळ चालत नाही, कारण षड्जावर शुद्ध गांधार देणारे अंतर ऋषभावर तीव्र मध्यम देते. १९९० च्या दशकात डिजिटेकच्या ‘व्होकलिस्ट’ मालिकेसारख्या उपकरणांनी गाण्याची पट्टी व स्वरसप्तक ध्यानात घेऊन अंतर कमी-अधिक करण्याची सोय आणली. पुढे टीसी-हेलिकॉनची ‘व्हॉइसलाइव्ह’ आणि बॉसची ‘व्हीई’ या मालिका प्रचारात आल्या. यांपैकी काही उपकरणे गिटारच्या किंवा कीबोर्डच्या कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवरून) सोबतीचे स्वर स्वतःच ठरवतात. बाजाची पेटी (हार्मोनियम) व भात्याचा ऑर्गन यांच्यातून असा विद्युत् संकेत निघत नसल्याने त्यांच्या साथीवर गाणाऱ्याला बहुधा पट्टी हाताने लावावी लागते.

विदर्भाच्या खेड्यांतील मंचावर खरी अडचण इथेच सुरू होते. आपल्याकडचा गायक आपला षड्ज हार्मोनियमच्या पट्टीवरून ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असा सांगतो. उपकरणावर बहुधा इंग्रजी अक्षरे आणि ‘मेजर’, ‘मायनर’ ही पाश्चात्त्य सप्तकांची नावे एवढेच असते. काळी एक म्हणजे सी शार्प हे साऊंडवाल्याला ठाऊक असले, तरी तेवढ्याने भागत नाही. यमनच्या अंगाचे, म्हणजे तीव्र मध्यमाचे, गाणे काळी एकमध्ये असेल आणि उपकरणही काळी एकच्या मेजरवर ठेवले, तर सोबतीचा आवाज शुद्ध मध्यम लावतो आणि गाण्याचा रंगच उडतो. तिथे पंचमाचे, म्हणजे काळी चारचे मेजर निवडावे लागते. त्यात नेमके यमनचे सात स्वर येतात. काफीसाठी कोमल निषादाचे आणि भैरवीसाठी कोमल धैवताचे मेजर चालते. भैरवाचे सप्तक मात्र कोणत्याच मेजरमध्ये बसत नाही. भूपाची गोष्ट आणखी नाजूक आहे : ऋषभापासूनचा तिसरा स्वर मध्यम आणि पंचमापासूनचा तिसरा स्वर निषाद होतो, आणि हे दोन्ही स्वर भूपात वर्ज्य आहेत. गायकाने कसोशीने टाळलेला स्वर त्याच्याच आवाजात भोंग्यावरून गावभर जातो.

सुरेलपणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. काळी एकचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे त्याच सप्तकात मोजल्यास १७३.२ कंपनांचा असतो. समान अंतराच्या सप्तकावर चालणारे उपकरण १७४.६ चा गांधार देते. हा किंचित चढा गांधार स्थिर सुरावर कानाला थरथरता लागतो. मींडही त्याला नीट झेपत नाही. गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तर सोबतीचा आवाज पायऱ्या चढल्यासारखा उड्या घेतो. म्हणून आलाप घेताना पेडल बंद ठेवणेच योग्य.

या प्रदेशातील समूहगायनाची घडणही लक्षात घेतली पाहिजे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतरच्या मंडईत (गावजत्रेत) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री रंगणारी झाडीपट्टीची, म्हणजे याच जंगलपट्ट्यातली नाटके, दंडार व खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार, १४ एप्रिलच्या सुमारास गावोगावी होणारे भीमगीतांचे कार्यक्रम आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) परंपरेतील खंजिरी भजने या साऱ्यांत मुख्य गायकामागे कोरस असतो, पण तो सहसा त्याच स्वरात किंवा एका सप्तकाच्या अंतराने गातो. तिसऱ्या-पाचव्या स्वरांची जोड हा या गायनाचा पाया नव्हे. त्यामुळे हार्मनीपेक्षा याच उपकरणातील दुहेरी आवाज व सप्तकाची सोय इथे अधिक उपयोगी पडते. तिच्यात रागाबाहेरचा स्वर येण्याची भीतीच नसते. तरीही यंत्र झील धरू शकत नाही. झीलकरी गायकाची ओळ संपताच ती उचलतात आणि त्याला दम घेण्याची उसंत देतात, तर यंत्राचा आवाज गायकाबरोबर सुरू होतो आणि तो थांबताच थांबतो. माणसे कमी पडली म्हणून कोरसच्या जागी हे उपकरण ठेवणे ही त्यामुळे मोठी चूक ठरते.

प्रत्यक्ष वापरात माईक ओठांजवळ धरणे आवश्यक आहे. ढोलकी किंवा ऑक्टोपॅडचा आवाज त्याच माईकमध्ये शिरला, की यंत्र स्वर ओळखताना चुकते आणि सोबतीचे आवाज डगमगतात. बिछायत केंद्राच्या भाड्याच्या संचात मंचाकडे तोंड केलेला स्पीकर जवळ असेल, तर शिटी वाजण्याचा धोकाही वाढतो, कारण प्रत्येक जोडआवाज एकूण पातळीत भर घालतो. म्हणून तो मूळ आवाजापेक्षा बराच खाली ठेवतात. जनित्रावर कार्यक्रम असल्यास उपकरण यूपीएसवर (बॅटरीने वीज चालू ठेवणाऱ्या साधनावर) चालवणे हिताचे, कारण क्षणभर वीज गेली तरी ते पुन्हा सुरू होते आणि गायकाने लावलेली पट्टी जतन केली नसेल तर ती पुसली जाते. खंजिरी भजनात तर गायकच वाद्य हाती धरून वाजवतो, त्यामुळे थाप आणि आवाज वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते. अशा वेळी सोबतीचा आवाज संथ चालीच्या ध्रुवपदापुरता लावावा आणि लय चढू लागताच पेडल दाबून तो बंद करावा.