घरमांजर : स्वभाव, लकबी आणि जाण

पाळीव मांजर (शास्त्रीय नाव फेलिस कॅटस) हा स्वभावाने ठरावीक साच्यात न बसणारा प्राणी आहे. एकाच वेतातल्या दोन पिल्लांपैकी एक आल्या-गेल्याच्या मांडीत जाऊन बसते, तर दुसरे दाराची कडी वाजली की कपाटामागे पळते. ‘कुत्रा माणसाला जीव लावतो, मांजर घराला’ हे महाराष्ट्रात सर्रास ऐकू येणारे मत मात्र अर्धेच खरे आहे.

मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व आफ्रिकेतले रानमांजर. ते एकट्याने शिकार करणारे. शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, उंदीर आले आणि त्यांच्यामागून मांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. कळपात राहून हुकूम पाळण्याची सवय या वंशाला कधीच नव्हती. हाक मारल्यावर मांजर येत नाही, यामागे आढ्यतेपेक्षा हा वारसा जास्त आहे. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसले, की मांजर मालकाचा आवाज परक्या आवाजांतून वेगळा ओळखते (२०१३) आणि स्वतःचे नाव तेवढ्याच लांबीच्या इतर शब्दांतून निवडते (२०१९). ओळख पटल्यावर ते कान वळवते, मान हलवते. उठून येण्याची तसदी सहसा घेत नाही.

स्वभावाचे मोजमाप करण्याचा मोठा प्रयत्न २०१७ मध्ये झाला. दक्षिण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधल्या २,८०२ मांजरांविषयी मालकांना प्रश्न विचारून भित्रेपणा, उत्साह, दादागिरी, उतावळेपणा आणि मनमिळाऊपणा असे पाच पैलू काढले गेले. माहिती मालकांकडूनच आलेली, त्यामुळे त्यात थोडे कौतुकही मिसळले असणारच. स्वभाव घडतो तो बराचसा लवकर: दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसांनी हाताळले, ते पुढे माणसाळलेले निघते. बापाचा गुणही उतरतो. धीट बोक्याची पिल्ले त्याला कधी न पाहताही धीट निघालेली आढळली आहेत.

मांजराच्या ‘सहाव्या इंद्रिया’विषयी बरेच बोलले जाते, पण त्याची पाचच इतकी तल्लख आहेत, की सहाव्याची गरज पडू नये. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंतचा. उंदरांची अतिसूक्ष्म चीं-चीं या टप्प्यात येते. बेल वाजण्याआधीच दाराशी जाऊन बसणारे मांजर बहुधा जिन्यातली ओळखीची पावले ऐकून आलेले असते. दृष्टीत मात्र एक गमतीशीर उणीव आहे. अगदी जवळचे त्याला नीट दिसत नाही. नाकासमोर ठेवलेला बांगड्याचा तुकडा सोडून ते लादी हुंगत राहते, मग मिशा पुढे वळवून चाचपते आणि तुकडा सापडतो. गोड चव तर त्याला कळतच नाही. पेढ्याभोवती घुटमळणाऱ्या मांजराला ओढ असते ती बहुधा दुधा-तुपाची.

प्रौढ मांजरे एकमेकांशी फारसे म्याव करत नाहीत. तो आवाज मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेला असतो. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकॉम्ब यांनी २००९ मध्ये दाखवले, की खायला मागतानाच्या गुरगुरीत तान्ह्या बाळाच्या रडण्याशी जुळणारा एक चढा सूर दडलेला असतो. कधीच मांजर न पाळलेल्या लोकांनाही ही गुरगुर जास्त निकडीची वाटली. पहाटे ओट्याजवळ गुरगुरणाऱ्या मांजराला कोणी दूध घालते, यात प्रेमाइतकाच या सुराचाही वाटा आहे. याच विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात, माणसाने डोळे बारीक करून सावकाश मिटले की मांजरही तसेच करते, असे आढळले.

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या एका शुश्रूषागृहातला ऑस्कर नावाचा बोका यापेक्षा वादग्रस्त. मरणासन्न रुग्णाच्या अंथरुणात तो जाऊन झोपे आणि ते पाहून कर्मचारी नातलगांना बोलावून घेत, असे डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. शरीरातल्या बदलांचा वास त्याला येत असावा, हा तर्क पटण्याजोगा आहे, पण तो लेख म्हणजे प्रयोग नव्हे. मांजर आडवे गेल्याने काम फिसकटते, या समजुतीला तर एवढाही आधार नाही.

खोक्यात शिरून बसणे, कणीक तिंबल्यासारखे पंजांनी गोधडी मळणे, टेबलावरचा पेला ढकलून तो पडताना पाहणे, रात्री अचानक घरभर धावणे या लकबी सर्वपरिचित आहेत. मळणे हे पिल्लूपणी आईचे दूध पिताना जडलेल्या सवयीचे अवशेष मानतात. खोके आडोसा देते. पेल्याचे कारण मालकाची प्रतिक्रिया हेही असू शकते, कारण ती हमखास मिळते.

प्रत्येक विचित्र वागणे मात्र लकब नसते. मांजर दुखणे लपवते. ठरलेली जागा सोडून पलंगावर लघवी करणाऱ्या मांजराने ‘सूड उगवला’ असे घरात म्हटले जाते. पुष्कळदा ते मूत्रमार्गाच्या विकाराचे लक्षण असते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो. वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.