केल्विनचं गणित बरोबर होतं, तीच तर भानगड

खाणीत जितकं खाली जाल तितकं गरम होत जातं. विल्यम थॉमसन, म्हणजे आपण शाळेत तापमानाच्या युनिटमध्ये भेटतो तो लॉर्ड केल्विन, त्याने १८६२ मध्ये एवढ्यावरून पृथ्वीचं वय काढलं. पृथ्वी आधी वितळलेला गोळा होती, मग गार होत गेली, तर आज वरच्या थरात खोलीबरोबर तापमान किती झपाट्याने वाढतं ते बघायचं (वाढ जितकी झपाट्याने, तितकी पृथ्वी तरुण) आणि उलटा हिशोब करायचा. उत्तर आलं २ ते ४० कोटी वर्षं. आकडेमोडीत चूक नाही, शोधूनही सापडणार नाही.

पंचाईत झाली बाकीच्यांची. दगडांचे थर बघणारे भूवैज्ञानिक म्हणत होते एवढ्या काळात हे शक्य नाही, डार्विनच्या उत्क्रांतीलाही वेळ अपुरा पडत होता, पण समोर केल्विन आणि त्याची समीकरणं, कोण बोलणार!

बोलला त्याचाच जुना असिस्टंट जॉन पेरी, १८९५ मध्ये. त्याचा मुद्दा घरगुती भाषेत सांगतो. शिरा पातेल्यात ठेवला की वरून गार होतो, आत चटका बसेल इतका गरम, कारण आतली उष्णता वर यायला वेळ लागतो. आमटीत तसं नसतं, आतलं गरम वर येत राहतं. केल्विनने पृथ्वी शिऱ्यासारखी धरली होती. पेरी म्हणाला आत थोडी जरी हालचाल असेल तर वरच्या पातळ कवचाखाली उष्णता टिकून राहील आणि म्हातारी पृथ्वीसुद्धा मोजमापात तरुण दिसेल, वय २००-३०० कोटीसुद्धा निघू शकेल.

आणि केल्विनने काय केलं? १८९७ मध्ये आकडा अजून आवळला, २ ते ४ कोटी, त्यातही २ च्या जवळ. खरं वय साधारण ४५५ कोटी, ते क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्केतल्या शिशावरून काढलं. म्हणजे पहिल्या अंदाजाचं वरचं टोक अकरा पटीने चुकलं होतं, पस्तीस वर्षं विचार केल्यावर शंभर पटीहून जास्त!

गंमत म्हणजे आजही बरेच जण ठासून सांगतात की केल्विन चुकला कारण तेव्हा किरणोत्सर्ग, म्हणजे काही अणू आपोआप फुटून उष्णता देतात ते, माहीत नव्हतं. त्याच्या गणितात किरणोत्सर्गाची उष्णता घालून बघितली तर उत्तर फारसं हलत नाही. घोळ पेरीने दाखवला तिथेच होता.