कूलरमध्ये बर्फ टाकला की एसीची गरज उरत नाही?

उन्हाळा लागला की हा संदेश हमखास फिरतो: कूलरच्या टाकीत बर्फ आणि मूठभर मीठ टाका, एसी घ्यायला नको. बर्फाच्या पाण्याचा पहिला झोत खरोखर गार लागतो, त्यामुळे हे पटणं साहजिक आहे.

आता हिशेब पाहू. एसीचा ‘टन’ मुळात बर्फावरूनच आला. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक टनाचा एसी खोलीतून बाहेर काढतो. म्हणजे तासाला जवळपास ३८ किलो बर्फ! फ्रिजमधला किलोभर बर्फ त्याचं दीडेक मिनिटाचं काम करतो, आणि तो गोठवताना फ्रिजने घरातच उष्णता सोडलेली असते. मूठभर मिठाने टाकीभर पाण्यात फरक पडत नाही. पत्रा मात्र लवकर गंजतो.

कूलरची खरी ताकद बाष्पीभवनात आहे. किलोभर पाण्याची वाफ होताना, तेवढाच बर्फ वितळण्याच्या सातपट उष्णता ओढली जाते. त्यासाठी हवा कोरडी हवी. म्हणून मे महिन्यात नागपूर-अकोल्याला कूलर उत्तम चालतो, मुंबई-रत्नागिरीला नुसती चिकचिक वाढते.

घरीच तपासा. खोलीचं तापमान दाखवणाऱ्या काचेच्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून पाच मिनिटं पंख्यासमोर धरा. पारा दहा-बारा अंश उतरला तर खुशाल कूलर घ्या, खिडकी उघडी ठेवून वापरा. तीन-चार अंशच उतरला, तर पैसे एसीसाठी साठवा.