चावी घेण्याआधी पाणीपट्टीची पावती मागा
(नळफिटिंग, मोटार दुरुस्ती आणि हौद-टाकी सफाईच्या आमच्या ग्राहकांसाठी)

घर बदललं की पंधरा दिवसांत फोन येतोच: "पाणी आठवड्याला एकदा, तेही तासभर. मग बिल पूर्ण वर्षाचं कसं काय?"

छत्रपती संभाजीनगरात बहुतेक घरगुती नळांना मीटर नाही. पाणीपट्टी नळजोडणीच्या इंचावर, म्हणजे पाइपच्या व्यासावर लागते, 1 एप्रिल ते 31 मार्च अशी वर्षाची. अर्धा इंचीला पूर्वी 4050 रुपये होते, 2022 मध्ये त्याचे 2025 झाले. चालू आकडा तुमच्या बिलावर बघा. जायकवाडीचं पाणी किती दिवसांआड आलं, घरात माणसं दोन की दहा, हे त्यात कुठेच धरलेलं नसतं. राग येतो, मान्य आहे. आम्हीही भरतो.

वर्षाच्या मध्ये घर घेतलं तर वाटणी आपसात करायची, महापालिका करून देत नाही. समजा 1 नोव्हेंबरला ताबा घेतला. आधीचे 214 दिवस जुन्या मालकाचे, पुढचे 151 तुमचे. 2025 रुपयांच्या हिशेबाने तुमच्याकडे 838 रुपये येतात. एवढ्यावरून कुणी भांडत नाही. भांडण लागतं ते मागच्या बाकीवरून, आणि ती बाकी बहुतेक वेळा "बंद" नळाची असते.

गारखेड्यात एका घरी आम्ही हौदाची लाइन बदलायला गेलो. समोर एक नळ, त्याची पावती चोख. मागच्या अंगणात लिंबाखाली खोदलं तर दुसरी अर्धा इंची लाइन निघाली. तोंडाला चिंधी गुंडाळून प्लग ठोकलेला. जुन्या मालकाच्या लेखी तो नळ सहा वर्षांपूर्वीच बंद झाला होता. महापालिकेच्या रजिस्टरला जोडणी चालूच, वर्षाला बिल चालूच. नवे मालक नाव लावायला गेले तेव्हा आधी ती बाकी भरा म्हणून सांगितलं. आमचा अख्खा दिवस त्या खड्ड्यापाशी गेला, त्यांचे चार दिवस वॉर्ड ऑफिसात.

प्लग लावल्याने पाणी थांबतं, बिल थांबत नाही. बाकी भरायची, नळ तोडण्याचा अर्ज द्यायचा, रस्त्यावरच्या मेन लाइनचं फेरूल (आपला नळ मेन लाइनला जिथे जोडलेला असतो तो तुकडा) बंद करून घ्यायचं आणि तसा कागद हातात घ्यायचा. मगच नळ बंद झाला म्हणायचं. म्हणूनच "फक्त पाइप कापून द्या" म्हटलं की आम्ही आधी कागद मागतो. दुसरा प्लंबर दोनशे रुपयांत कापून देतो, हे आम्हाला माहीत आहे. बिल आल्यावर त्याचा फोन लागत नाही, हेही माहीत आहे.

फ्लॅटवाल्यांचं वेगळं. जोडणी सोसायटीच्या नावावर, तुमचा वाटा मेंटेनन्समध्ये. टँकरचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, ते सेक्रेटरींना आधीच विचारा. उन्हाळ्यात तोच आकडा मोठा असतो. भाड्याने जात असाल तर पाणीपट्टी कोणी भरायची ते भाडेकरारात लिहून घ्या.

काही सोसायट्यांत फ्लॅटवार मीटर आहेत. तिथे ताबा घ्यायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. फक्त काळे आकडे वाचायचे. काळ्यातला एक म्हणजे एक युनिट, 1000 लिटर. लाल आकडे लिटरचे. एका काकांनी काळे-लाल सगळे मिळून वाचले आणि चार लाख युनिट झाले म्हणून घाबरून फोन केला. खरे होते 412.

इसार द्यायच्या आधी बोलावलंत तर आम्ही घराच्या सगळ्या लाइन मोजून, इंच बघून, कुठली जोडणी कुठे जाते ते कागदावर काढून देतो. पुढे काम आमच्याकडे दिलंत तर या फेरीचे पैसे त्यातून वजा. फक्त त्या घराचं मागचं बिल काढून ठेवा. शेजाऱ्यांचं चालत नाही. लोक तेही दाखवतात.